अनुच्चारित

उणे ऐंशी अंशांच्या पेटीतून
इवोनेची एक नळी काढते. करंगळीच्या पेराएवढी.
वर निळ्या शाईत: ०६१, पहिला.
नाव नाही. नाव तिला कळू नये
असा नियम आहे, आणि नियम बरा आहे.

बाहेर कुरिचिबात दव गोठलंय.
आराउकारियाची झाडं दीपमाळांसारखी उभी,
फक्त दिवे कुणी लावलेले नाहीत.

०६१ म्हणजे चार वर्षांची लोरेना,
हे मला माहीत आहे, इवोनेचीला नाही.
तिच्या आईला, मार्लेनीला, आधी आवाज खटकला.
अंगणात कोंबड्या हाकताना
पोर थोरल्या भावासारखी घोगरी ओरडली.
मग कपाळावर मुरुमं. मग आंघोळ घालताना
जिथे इतक्यात असू नयेत तिथे केस.
शेजारीण म्हणाली, थंडी बाधली, मध चाटव.
मध चाटवला.
पिढ्यांपूर्वी कुणाच्या तरी रक्तात
एक अक्षर चुकलं होतं,
या प्रांतात ते कित्येक घरांत
ताटवाट्यांसारखं वारशानं आलंय.

मूत्रपिंडावर टोपी घालून बसलेली ग्रंथी,
डावीकडची लिंबाएवढी झाली होती.
काढली. काचपट्टीवर घेतली.
डॉक्टर वान्देर्ले दोन दिवस भिंगातून बघत राहिले.
मुलांच्या गाठी खोटं बोलत नाहीत, ते म्हणाले,
पण विचारलेलं सांगतही नाहीत.
पेशी दिसतात वाईट, वागतात शहाण्यासारख्या.
कधी उलटं.

आता हे रेणू.
बावीस-बावीस अक्षरांची चिटोरी.
यांच्यापासून प्रथिन होत नाही,
म्हणून कित्येक वर्षं कुणी यांच्याकडे पाहिलंच नाही.
आमच्या जुन्या पुस्तकांत
डोक्यावर एक टिंब असे, न उच्चारायचं.
नांव माणसाचं, नाव नदीतली.
मग नियम आला, टिंबं पुसली गेली,
छपाई सोपी झाली,
आणि तेव्हापासून माणूस की होडी
हे आपण मागच्या-पुढच्या शब्दांना विचारतो.

चारशे त्र्याऐंशी हा त्यातलाच एक.
गाठ दुष्ट असली की तो रक्तात झिरपतो,
असं काही निबंध म्हणतात.
काही म्हणतात, थांबा, रुग्ण फार थोडे आहेत.

यंत्र दर फेरीला दुप्पट करत जातं;
मुळात जितकं जास्त, तितकी रेघ लवकर उठते.
चोविसाव्या फेरीला उठली.
तीन खळग्यांतल्या तीन रेघा एकीवर एक,
एका पांघरुणातल्या बहिणींसारख्या.
इवोनेचीनं वहीत आकडा लिहिला,
त्याखाली पेन्सिलीनं "अरे देवा",
मग खोडलं.

०६१, दुसरा. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे.
तीस. बत्तीस. चौतीस.
तुलनेचा रेणू वेळेवर उठला होता,
म्हणजे यंत्राला दोष नाही.
अडतिसाव्याला काहीतरी हललं,
पुन्हा सपाट.
ती खुर्चीत मागे टेकली.
काही न घडलेल्या पडद्याकडे
इतका वेळ कुणी बघत नाही.

हा आकडा अहवालात जात नाही.
अजून शंभर नळ्या, अजून पाच वर्षं,
तेव्हा कदाचित.
वान्देर्ले मार्लेनीला एवढंच सांगतील:
दर तीन महिन्यांनी या.
आणि ती तीन महिने रोज
पोरीला काहीतरी मोठ्यानं म्हणायला लावील,
कान देऊन.

इथले बसथांबेही काचेच्या नळ्या.
संध्याकाळी त्यात उभी राहून
इवोनेची उकडलेले पिन्यांव सोलते,
सालींचा खिसा भरतो.
मागे एक पोर घोगऱ्या आवाजात रडतं.
ती वळते. हल्ली ती अशा प्रत्येक आवाजाला वळते.

याला सर्दी होती.
आई त्याचं नाक पुसत होती.